गोळ्यांनी गर्भपात: सांगलीच्या दवाखान्यातले माझे पंधरा दिवस

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्या तासगावात एकानं ओळखलं की सगळ्यांनी ओळखलं, असा प्रकार आहे. पण मी जाण्याआधी मराठीत खूप शोधलं होतं आणि हाताला दोनच गोष्टी लागल्या होत्या. एक तर पापपुण्य, नाहीतर 'डॉक्टरांचा सल्ला घ्या'. गोळी घेतल्यावर किती वेळानं काय होतं, किती दुखतं, किती अंगावरून जातं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कुणी सरळ लिहिलेलं नव्हतं. ते मला त्या दवाखान्यानं सांगितलं, आधी सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतेय ते यासाठी. तक्रारीही आहेत, त्या शेवटी.

माझं वय ३३. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, आमच्या ह्यांची द्राक्षबाग आहे. तांबी गेल्या वर्षी काढून टाकली, कारण पाळीत फार जायचं. मग निरोध वापरत होतो, तो एकदा फाटला. पाळी ९ दिवस पुढं गेली, टेस्ट केली, दोन रेघा आल्या. तिसरं मूल नको, हे ठरायला आम्हा दोघांना पाच मिनिटंही लागली नाहीत. जायचं कुठं, यात मात्र सहा दिवस गेले.

पहिल्यांदा गावातच एका ठिकाणी गेले. तिथं सांगितलं, "मालकांची सही आणा, आणि लगेच ऑपरेशन करून घेणार असाल तरच हात लावू." ह्यांनी सही दिली असती, तो प्रश्नच नव्हता. पण दोन लेकरांची आई, रोज लाखांचा हिशेब बघणारी बाई, आणि माझ्या स्वतःच्या सहीला किंमत नाही? मी उठून आले. नंतर सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, की बाई १८ वर्षांच्या पुढची असेल तर कायद्याला फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. लग्न झालेलं असो वा नसो. आणि नसबंदीची अट घालायचा अधिकार कुणालाच नाही.

मग ह्यांनी मेडिकलमध्ये विचारलं. दोन दुकानांत 'आम्ही ठेवत नाही' म्हणाले. तिसऱ्याने बाजूला घेऊन नुसती पट्टी दाखवली. खोकं नाही, बिल नाही, १२०० रुपये. हे घेऊनच येणार होते, मी फोनवर नको म्हटलं. ते बरं केलं, असं आज वाटतं. गोळ्या वाईट म्हणून नव्हे. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे बघितल्याशिवाय घेतल्या असत्या म्हणून. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

सांगलीत माझी थोरली बहीण राहते. तिच्या ओळखीनं बुधवारी सकाळी त्या दवाखान्यात गेले. दारातच 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. माझ्या सासूबाईंसारख्या कितीतरी बायका ती पाटी वाचून गर्भपातच बेकायदेशीर आहे असं धरून चालतात. ती पाटी १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याची आहे. गर्भपाताला कायद्यानं १९७१ पासून परवानगी आहे. हे दोन वेगळे कायदे आहेत, आणि या गोंधळापायी बायका चोरून नको तिथं जातात याचं मला फार वाईट वाटतं.

मॅडमनी आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. आठवडे त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. माझे सहा आठवडे आणि एक दिवस झाले होते. गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत देतात. मग सोनोग्राफी झाली, आतून. सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, "स्क्रीन बघायचाय का?" मी नको म्हटलं, तर त्यांनी तो स्वतःकडं वळवून घेतला आणि एवढंच सांगितलं, की पिशवीतच आहे. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. रक्त तपासलं: हिमोग्लोबिन १०.४, गट बी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह गट असला तर वेगळं इंजेक्शन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात. फार रक्त कमी असलेल्या, रक्त पातळ करायची औषधं किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलेल्या बाईला या गोळ्या देत नाहीत. तांबी आत असेल तर आधी काढावी लागते. हे सगळे प्रश्न त्यांनी एकेक करून विचारले, घाई केली नाही.

मग संमतीचा फॉर्म, माझी एकटीची सही. नोंद ठेवावी लागते, पण ती गुप्त राहते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं नाव फोडणाऱ्याला शिक्षाही आहे, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

मुख्य गोष्ट अशी. किटमध्ये पाच गोळ्या असतात. पहिली एकटी, मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम. गर्भ टिकवायला शरीर जे प्रोजेस्टेरॉन वापरतं, त्याचं काम ती अडवते. बाकीच्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. त्या पिशवीला कळा आणतात. पहिली सिस्टरांच्या समोर पाण्याबरोबर गिळली. "तासाभरात उलटी झाली तर फोन करा," म्हणाल्या. उलटी नाही, काही नाही. तिथून थेट कामावर आले आणि पाच वाजेपर्यंत खातेदारांच्या पासबुकात नोंदी भरल्या. रात्री थोडं मळमळलं. गुरुवारी दोन लाल ठिपके दिसले. चार गोळ्या २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या असतात, म्हणून मी शुक्रवार ठरवला, पुढं शनिवार-रविवार मिळावा म्हणून. मुलांना जाऊबाईंकडं ठेवलं आणि ताईच्या घरी गेले.

शुक्रवार. ११ वाजता पोहे खाऊन आयब्युप्रोफेन घेतली. कळा यायच्या आधीच दुखण्याची गोळी पोटात पाहिजे, नंतर धावपळ करण्यात अर्थ नाही. साडेअकराला चार गोळ्या गालात, दोन इकडं, दोन तिकडं. अर्धा तास तशाच ठेवायच्या, लाळ गिळायची, उरलेला चुरा पाण्यानं गिळून टाकायचा. चव खडूसारखी. तो अर्धा तास बोलता येत नाही. ताई मटार सोलत समोर बसली होती, तीही एक शब्द बोलली नाही.

सव्वाबाराला हुडहुडी भरली. दोन चादरी घेतल्या तरी दात वाजत होते, ताप १००.२. हे कागदावर होतं, म्हणून धीर राहिला. मिसोमुळं पहिल्या दिवशी थंडीताप येतो आणि जातो. दोनदा जुलाब झाले. ते मात्र कागदावर नव्हतं, त्यामुळं मी उगीच पोह्यांना दोष देत बसले.

पावणेदोनला पोटात पहिली पिळवटणारी कळ आली आणि अंगावरून जायला लागलं. अडीच ते पाच हा काळ सगळ्यात कठीण. खोटं बोलत नाही, दुखतं. पाळीच्या दुखण्यापेक्षा बरंच जास्त, बाळंतपणाच्या शेवटच्या कळांपेक्षा पुष्कळ कमी. कळ लाटेसारखी यायची, दोन-तीन मिनिटं कंबर धरून ठेवायची, मग सोडायची. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवून एका कुशीवर पडून राहिले. मध्येच संडासात बसावं वाटायचं, बसलं की बरं वाटायचं. गाठी पडल्या, काही लिंबाएवढ्या. साडेचारच्या सुमारास एक करडी-पांढरी, कापसाच्या बोळ्यासारखी गोष्ट पडली आणि त्यानंतर अर्ध्या तासात दुखणं उतरलं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की इतक्या लवकर बाळाचा आकार वगैरे काही दिसत नाही, काही बायकांना गाठींशिवाय काहीच वेगळं कळत नाही. मी दोन मिनिटं बघत उभी राहिले. मग पाणी ओतलं.

संध्याकाळी हे आले. छाटणी उरकून बागेत पेस्ट लावायची गडबड चालू होती, तशाच हिरव्या डागांच्या शर्टात, हातात दोन शहाळी. काही बोलले नाहीत, माझे पाय चेपत बसले. ताईनं मऊ भात आणि तूप दिलं.

रात्री ९ नंतर परत वाढलं. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मोठे दोन पॅड एका तासात पूर्ण भिजले, आणि सलग दोन तास असंच झालं, तर घरी थांबायचं नाही. ९ ते १० मध्ये माझे दोन भिजले. हात गार पडले. ९:५५ ला दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. रात्रपाळीच्या सिस्टर होत्या. "ताई, चक्कर येतेय का? उभं राहून बघा. पॅड काठोकाठ भरलाय का मधेच डाग आहे? आता नवीन लावा, घड्याळ बघा, अकराला मला सांगा. तोवर गाडी तयार ठेवा, पण निघू नका." अकराला अर्धा पॅड. त्यांनी स्वतः फोन केला, माझी वाट बघितली नाही. मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "झोपा आता." आणि मी झोपले. पैकीच्या पैकी म्हटलं ते याच फोनमुळं. कुठलाही दवाखाना निवडताना हेच विचारा, की रात्री फोन कोण उचलतं?

त्याच कागदावर आणखी चार वाक्यं होती, ती लिहिते. २४ तासांनंतरही १०० च्या वर ताप राहिला तर या. घाण वास आला तर या. दुखण्याच्या गोळ्या घेऊनही पोटदुखी थांबत नसेल तर या. आणि चार गोळ्यांनंतर २४ तासांत काहीच गेलं नाही, तर तेही कळवा, कारण तेव्हा नळीतल्या गर्भाची शंका परत तपासावी लागते.

शनिवारी अंग रिकामं वाटत होतं, बाकी ठीक. सोमवारी कामावर गेले. पाळीसारखं ११ दिवस जात राहिलं, मग १७ व्या दिवसापर्यंत डाग. आठव्या दिवशी कुतूहलानं घरी टेस्ट केली, तर फिकट दुसरी रेघ! काळजाचं पाणी झालं. फोन केला, तर म्हणाल्या, चार आठवड्यांपर्यंत टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, इतक्यात करायचीच नसते. पंधराव्या दिवशी बोलावतात त्या तपासणीला जाच, गाठ पडली म्हणून घरीच समजू नका. माझी पिशवी साफ होती. शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींचं गोळ्यांनीच पूर्ण होतं. उरलेल्या थोड्याजणींना आत काही राहिलं म्हणून नळीनं ओढून घ्यावं लागतं. आणि गोळ्या घेऊनही गर्भ राहिला, तर तो तसाच वाढवायचा विचार करू नये, मिसोनं त्याला इजा झालेली असू शकते. हेही पहिल्याच दिवशी सांगून सही घेतली होती.

मनाचं विचाराल तर मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. रविवारी मुलाला आंघोळ घालताना रडू आलं, हेही खरं. मॅडम म्हणाल्या होत्या, हार्मोन एकदम उतरतात, रडू येईल, येऊ द्या. निर्णयाबद्दल एकदाही शंका आली नाही.

पुढच्या पाळीआधीच, आठ-दहा दिवसांतही परत बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत हा समज चुकीचा. मी मिसोच्या दिवसापासूनच पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या. मॅडमनी तीन महिन्यांच्या इंजेक्शनबद्दलही सांगितलं आणि पुरुष नसबंदीबद्दलही. ह्यांनी बिनटाक्याच्या नसबंदीची चौकशी केलीय, बागेचं काम आवरलं की जाणार आहेत.

मला एकूण ३,४०० रुपये लागले, सोनोग्राफी, रक्त, गोळ्या आणि पंधराव्या दिवसाची तपासणी धरून. सरकारी रुग्णालयात हीच सेवा मोफत मिळते, पैशाची अडचण असेल तर मेडिकलच्या पट्टीपेक्षा तिथं जा.

आता तक्रारी. बसायची जागा बाळंतिणींची आणि आमची एकच. समोर टोपडं घातलेलं तान्हं बाळ आणि मी फॉर्म भरतेय, हे मला फार जड गेलं. संडासात नळाला पाणी होतं पण दाराची कडी सैल. कागदाची छपाई बारीक आहे, आणि त्यात जुलाबाचं लिहायला हवं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे काउंटरवरच्या मुलीनं भरल्या हॉलमध्ये माझं पूर्ण नाव घेऊन 'एमटीपीवाल्या (म्हणजे गर्भपातवाल्या) आत या' अशी हाक मारली. गुप्ततेचा कायदा आत मॅडम मला समजावत होत्या आणि बाहेर हे. पंधराव्या दिवशी मी ते तोंडानं सांगितलं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलंही. मॅडमनी माझ्यासमोर त्या मुलीला बोलावलं, ओरडल्या नाहीत, समजावून सांगितलं.

मागच्या आठवड्यात ताई तिच्या पाळीच्या तक्रारीसाठी तिथं गेली होती. नंबराचे बिल्ले देतात म्हणाली, आणि हाक नंबरानंच मारतात.