दोन फांद्यांच्या सॅडलवर दहा महिने

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय. ती अंगावर आली गोव्यात, सायकलवर, साठाव्या किलोमीटरला. मला जावई नाही, पण आमच्या राईडच्या ग्रुपमधले फिजिओथेरपिस्ट माझे सख्खे साडू लागतात. त्यामुळे पुढचे दोन महिने मी त्यांना "गुडघा जरा दुखतोय" एवढंच सांगत होतो.

गोव्याची ७०.३ ही ट्रायॲथलॉन शर्यत म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहायचं, ९० किमी सायकल, मग २१.१ किमी पळायचं. सायकलवर पुढच्याच्या आडोशाला राहायला बंदी असते, वारा आपला आपण कापायचा. म्हणून एरोबारवर, म्हणजे हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांवर, कोपर टेकायचे, पाठ आडवी करायची आणि तीन-साडेतीन तास तसंच राहायचं. मी राहिलो. साठच्या पुढे खालचा भाग असा गेला की दाताच्या डॉक्टरने भलत्याच ठिकाणी इंजेक्शन दिलंय असं वाटावं. उभं राहून पॅडल मारलं की मुंग्या यायच्या, बसलं की पाच मिनिटांत पुन्हा बधिर. सायकल रॅकला लावून लघवीला गेलो, तर धार सुरू झालीय हे डोळ्यांना दिसत होतं, जाणवत काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं, पण रात्री झोप लागली नाही. वय ४४, दोन मुलं आहेत हे खरं, तरीपण!

साताऱ्याला आल्यावर सुरू झालं ते सगळेच करतात ते, मऊ सीट, म्हणजे सॅडल, शोधणं. एका दुकानदाराने जेलचं कव्हर दिलं. "दादा, गादीवर बसल्यागत वाटंल." पहिले दहा किलोमीटर वाटलंही. वाढे फाट्यावरून लोणंद रस्त्याला लागलो आणि वाठार स्टेशन यायच्या आत गोवा परत आलं, आधीपेक्षा लवकर. मग रुंद, स्प्रिंगवालं सॅडल आणलं. त्याने मांड्या सोलल्या. मग मध्ये खाच असलेलं, आखूड नाकाचं (नाक म्हणजे सीटचं पुढचं निमुळतं टोक) रोड सॅडल. ते सरळ बसल्यावर झकास होतं, अजून माझ्या रोड बाईकवर आहे. एरोबारवर वाकलो की मात्र खाचेच्या दोन्ही कडा नेमक्या नको तिथे टोचायच्या.

मऊ सीटने बधिरपणा वाढला कसा, हे मला स्वयंपाकघरात कळलं. पोळ्यांची कणीक मळलेली होती. तिच्यात दोन अंगठे शेजारी शेजारी दाबून बघा. अंगठे खाली जातात आणि मधली कणीक फुगून वर येते. हाडं म्हणजे ते दोन अंगठे. गादी जितकी मऊ तितकी हाडं आत रुततात, आणि मधला फुगवटा नसांवर जाऊन दाबतो. सौ. म्हणाल्या, "कणीक वाया घालवू नका." मी तिची पोळी खाल्ली.

उरलेला अर्धा उलगडा साडूंनी केला, कारण शेवटी सांगावंच लागलं. माणूस सरळ बसला की भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. एरोबारवर वाकलं की कंबरेचा सगळा सांगाडाच पुढे कलंडतो, बैठकीची हाडं सीटवरून जवळजवळ उचलली जातात आणि भार येतो पुढच्या बाजूला, जघनास्थीच्या खाली उतरणाऱ्या दोन फांद्यांवर. त्या फांद्यांच्या मधून नस आणि रक्तवाहिनी जाते. साध्या सॅडलचं नाक बरोबर तिथे बसतं. "म्हणजे तुम्ही इतके दिवस नसेवर बसून सायकल चालवत होता," साडू म्हणाले, आणि वर विचारलं, "गुडघ्याचं काय झालं?"

सगळ्यांना मात्र हे पटत नव्हतं. आमच्यातल्या एका जुन्या सायकलवाल्याचं मत होतं की ही सगळी नाटकं, सवय झाली की जातं. त्यांना मी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाची सॅडल वापरायला दिली होती. आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा अजिबात आला नाही म्हणणारे २७ टक्के होते, नंतर ते ८२ टक्के झाले. सवयीने जाणारं असतं तर रोज गस्त घालणाऱ्या पोलिसांचं आधीच गेलं असतं. जुन्या सायकलवाल्यांनी यावर "पोलिसांचं काय सांगता" म्हणून विषय संपवला.

डिसेंबरात पुण्यातल्या एका ट्रायॲथलीटकडून वापरलेलं सॅडल साडेसहा हजारांना घेतलं. पुढून दोन फांद्या, मध्ये आरपार मोकळी जागा, नाक म्हणून काही नाहीच. हा आकार बाजारात रुजवला मुख्यतः अमेरिकेतल्या आयएसएम कंपनीने. आता बऱ्याच कंपन्या बनवतात. माझं कुठल्या कंपनीचं आहे ते मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण निराळी. मी नाव लिहायचं, कुणीतरी तेच मागवायचं आणि मग मला शिव्या घालायच्या, हे नको. दुकानाबाहेर सायकल लावली होती तेव्हा शाळेतून येणारा एक पोरगा थांबून म्हणाला, "काका, तुमची सीट मधनं फाटलीय."

पहिला महिना वाईट गेला, हे ठळक सांगतो, कारण बहुतेक जण याच महिन्यात हे सॅडल विकून टाकतात. मलाही असंच कुणाचं तरी मिळालं असणार. बधिरपणा पहिल्याच राईडला गेला, पण त्याच्या जागी फांद्यांवर टेकणारी दोन्ही हाडं ठणकायला लागली, कधी भार न पडलेल्या जागी भार पडल्यासारखी. शिवाय मी बसत होतो चुकीच्या जागी. सवयीने मागे सरकून रुंद भागावर बसायचो. तिथे मांड्या घासतात. या सॅडलवर अगदी पुढे, फांद्यांच्या टोकाशी, टेकल्यासारखं बसायचं असतं. बाकावर बूड टेकवून उठायच्या तयारीत बसतो ना, तसं.

दुसरी चूक उंचीची. जुनं सॅडल काढलं आणि नवं तितक्याच उंचीवर लावलं. हे जाड, त्यात बसायची जागा पुढे, त्यामुळे खालच्या पॅडलला पाय ताणला जाऊन कंबर डावी-उजवीकडे झुलायची. ८ मिमी खाली घेतलं तेव्हा झुलणं थांबलं. साडूंना सांगितलेला खोटा गुडघा तोवर खरा दुखायला लागला होता.

आता पुढे-मागे. माझं रंग-हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हत्यारांची ददात नाही. घरी वरच्या मजल्याचं काम चालू होतं, तर मिस्त्रींचा ओळंबा मागून घेतला. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर, लावली, पुढच्या चाकाखाली फळी घालून पाणसळीने सपाट केली, सॅडलच्या टोकापासून ओळंबा सोडला आणि दोरी क्रँकच्या (पॅडलचे दांडे फिरतात त्या कण्याच्या) मध्यापासून किती लांब पडते ते मोजलं. मिस्त्री बघत उभे. "शेठ, भित्ताड बांधताय का सायकल?" दोरी क्रँकच्या ४ सेंमी मागे पडत होती. ते टोक दोन सेंमीवर आणलं तेव्हा मांडी पोटाला लागायची थांबली आणि श्वास मोकळा झाला. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वर्षानुवर्षं हे टोक निदान ५ सेंमी मागे लागायचं, ट्रायॲथलॉनचे नियम याबाबतीत सैल आहेत. आपण कुठली शर्यत करणार ते बघून ठरवा. रोड बाईकवर एरोबार बसवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. रोड बाईकच्या सीटच्या दांड्याचा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, टीटी (टाईम ट्रायल) बाईकचा, म्हणजे एरोबारसाठीच बनवलेल्या सायकलचा, ७६ ते ७८, कधी त्याहूनही उभा. सीट मागेच ठेवून नुसता पुढे वाकलात तर दोष सॅडलचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कलाने. फांद्यांची टोकं किंचित खाली हवीत. पण किंचित म्हणजे किती? सॅडलवर जमाखर्चाची जाड वही आडवी ठेवायची, वहीवर मोबाईल, मोबाईलवर कोन दाखवणारं ॲप. शून्यावर असताना दाब यायचा. चार अंशांवर मी घसरगुंडीसारखा पुढे जायचो आणि सगळं वजन खांद्यांवर. कऱ्हाडपर्यंत जाऊन परत आलो त्या दिवशी घरी पाण्याचा तांब्या उचलवेना. शेवटी दोन अंशांवर स्थिरावलो. एका वेळी अर्धाच अंश, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन लांब राईड. मी आधी एकाच दिवसात उंची, कल आणि पुढे-मागे, तिन्ही बदलून बसलो होतो, त्यात पंधरा दिवस फुकट गेले. आता सीटपोस्टवर पेन्सिलची खूण आहे आणि आकडे दुकानातल्या कॅलेंडरवर.

मांड्या घासणं थोडं राहिलंच होतं. त्याला एक स्वस्त उपाय सापडला: दोन फांद्यांना खालून प्लास्टिकचा झिप टाय बांधून त्या जवळ ओढायच्या. दुकानात शेकड्याने पडलेत, सोळा आणे काम झालं. फार आवळू नका, फट मिटली तर सॅडल घेतलंच कशाला! घासण्यावर पूर्वी खोबरेल लावून पाहिलं होतं. शॉर्ट्सच्या पॅडला असा वास बसला की कुत्री मागे लागायची. आता साधी चामॉय क्रीम, आणि राईड संपली की पहिल्यांदा शॉर्ट्स काढणं, चहा नंतर. माझे निम्मे फोड ओल्या शॉर्ट्समध्ये कट्ट्यावर गप्पा मारल्याने आलेले होते.

फेब्रुवारीपासून गाडी रुळावर आली. उसाच्या ट्रॅक्टरांचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली कांडकी, तरी लोणंद रस्त्यावर सलग दीड तास एरोबार न सोडता बसलो आणि उतरल्यावर सगळं जागच्या जागी होतं. पावसाळ्यात चार महिने बहुतेक ट्रेनर. ट्रेनरवर सॅडलची खरी परीक्षा होते, कारण रस्त्यावर खड्डा, वळण, गतिरोधक आला की आपण नकळत उठतो, तिथे कोण उठवणार? दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहायची सवय लावून घेतली. सॅडल कितीही चांगलं असलं तरी ही सोडलेली नाही. दहा महिन्यांत रस्त्यावर साधारण ३,४०० किमी झाले, ट्रेनरचे तास वेगळे.

तक्रारी आहेतच. घाटात हे सॅडल कुचकामी. समर्थ मंदिरापासून यवतेश्वर चढायला लागलं की माणूस सरळ बसतो, मागे टेकतो, आणि मागे बैठकीच्या हाडांना पुरेशी जागाच नाही. कासला जायचं असेल तर मी सरळ रोड बाईक काढतो. दुसरं, कडेची शिलाई पावसानंतर एका फांदीवर उसवली. सध्या चिकटपट्टी मारलीय, दिसायला भिकार. खालच्या लोखंडी दांड्यांवर घामाने गंजाचे ठिपके आले, कुरकुर करायला लागले तेव्हा सोडवून, पुसून, ग्रीस लावलं. आणि एकदा खड्ड्यात आदळल्यावर कल आपोआप बदलला. बोल्ट मी हातअंदाजाने आवळला होता, चूक माझीच. तेव्हापासून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना.

एक गोष्ट मात्र सॅडलनेच मला सांगितली. डाव्या फांदीचा फोम उजवीपेक्षा स्पष्ट जास्त बसलाय, बोट फिरवलं तरी कळतं. म्हणजे मी डावीकडे कलून बसतो. साडूंनी पाय मोजले, जवळजवळ सारखे. मग दुकानात मला बघत बसले आणि म्हणाले, गल्ल्यामागच्या स्टुलावरही तुम्ही डावीकडेच कलता. त्या स्टुलावर आता ते जेलचं कव्हर आहे.

बायकांबद्दल मी ठामपणे सांगू शकत नाही. ग्रुपमधल्या दोघींनी माझं सॅडल चालवून पाहिलं. एकीने तिथल्या तिथे ऑर्डर दिली, दुसरी म्हणाली की फांद्यांच्या आतल्या कडा तिला असह्य होतात, खाच असलेलं आखूड सॅडलच तिला बरं. दोघी एकाच उंचीच्या, एकाच वेगाच्या.

म्हणून विकत घ्यायच्या आधी कुणाचं तरी मागून चालवा, निदान दोन आठवडे. साताऱ्यात कुणाला हवं असेल तर माझं देतो, पुढच्या शर्यतीला वेळ आहे. चिकटपट्टी काढू नका, आणि परत लावताना पेन्सिलची खूण बघून लावा.