पाच मिलिमीटरचा बंपर आणि माझे ६५,००० रुपये

गेली २८ वर्षे मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीत कास्टिंगच्या वजनावर बिले करण्याचे काम करतो. लोखंडाचा तुकडा हातात घेतला, तर तो किती किलो भरेल याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. अशा माणसाला लोखंडाच्याच वस्तूत, जीपच्या बंपरमध्ये, ६५,००० रुपयांचा गंडा घातला गेला, हे लिहिताना मला मनापासून लाज वाटते आहे. घरात खरा आकडा सांगायला मला दीड महिना लागला. तरीही लिहीत आहे, कारण तो माणूस अजून नव्या गिऱ्हाइकांच्या शोधात आहे आणि त्याला थांबवणे ज्यांचे काम आहे त्यांना त्यात रस दिसत नाही.

माझ्याकडे १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. ती मी सार्वजनिक रस्त्यावर चालवत नाही. मित्राच्या शेतावर किंवा माळावर न्यायची असेल, तर टेम्पोत चढवून नेतो. मागच्या वर्षी तिचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाके जोडणारे आडवे दांडे, बदलून मूळच्यापेक्षा रुंद आणि भक्कम ॲक्सल बसवले. ते काम उद्यमनगरातल्याच एका जुन्या मिस्त्रींनी केले आणि त्यांच्या कामाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचे, दात माझ्यासमोर मोजून दोन्हीकडे ४३ आणि ८ असल्याची त्यांनी खात्री करून घेतली, कारण दोन्ही गुणोत्तरे जुळली नाहीत तर फोर-व्हील घातल्याबरोबर ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर, ताण येतो. टायर मागे घासू नये म्हणून सेंटर बोल्टची, म्हणजे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलवर जागेवर धरणाऱ्या बोल्टची, जागा सरकवून त्यांनी पुढचा ॲक्सल सुमारे ३० मिमी पुढे घेतला. त्यामुळे एक अडचण मात्र उभी राहिली. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर जुन्या बंपरच्या टोकांना घासू लागला. मिस्त्री म्हणाले, "मालक, आता बंपर आखूडच लागणार, आणि तो ह्या गाडीवर माप घेऊनच करायला पायजे. तयार बसणार न्हाई." मिस्त्रींच्या हातात तेव्हा दोन महिन्यांचे काम होते. मी थांबायला हवे होते, मी थांबलो नाही.

मोबाइलवर जाहिरात दिसली. ऑफ-रोड गाड्यांचे बंपर, गाडीच्या मापाने, ५ मिमी पत्रा, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवण्याची सोय, कोल्हापुरात घरपोच. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी तिशीचा एक तरुण घरी हजर झाला. आता लोक मला विचारतात की अनोळखी माणसावर विश्वास ठेवलाच कसा. त्यांना मी सांगतो की तो माणूस काम जाणणारा होता. त्याने आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मापे घेतली, मग एका बाजूला जॅक लावून पाटे पूर्ण दबल्यावर टायर कुठपर्यंत वर येतो ते पाहिले. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पुढच्या दोन टोकांतील अंतर त्याने तीन वेळा मोजले. भामटा एवढे कष्ट घेत नाही, असे मला वाटले. शिवाय त्याने पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, काय काळजी करू नगासा, ह्योच माल वापरणार." मी जाडी मोजायचा माझा व्हर्नियर लावला. तुकडा ५.०२ मिमी भरला. त्या मापाने मी निश्चिंत झालो आणि तिथेच त्याचे काम झाले. नमुना मोजून काही उपयोग नसतो, तयार वस्तू मोजावी लागते. हे मी फाउंड्रीत नव्या पोरांना रोज सांगतो.

त्या दिवशी मी यूपीआयने १८,००० रुपये आगाऊ दिले. नऊ दिवसांनी पत्रा आणि लेझर कटिंगसाठी म्हणून १२,५०० रुपये दिले. मग एका रात्री साडेनऊला त्याचा फोन आला की विंचचा एकच नग शिल्लक आहे, सकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर दुसऱ्याला जाईल. मी रात्रीच २२,००० रुपये पाठवले. रात्री येणारी अशी घाईची मागणी कधीही पुरी करू नका. विंच आजतागायत आलेला नाही. माल आला तेव्हा ९,००० आणि बसवण्याचे ३,५०० रुपये रोख दिले. या शेवटच्या १२,५०० रुपयांची पावती माझ्याकडे नाही.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की मला अजून झोप लागत नाही. टेम्पो दारात थांबला. मागून एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उतरला, त्याने पोत्यात गुंडाळलेला बंपर ओढला, एका हाताने उचलून बगलेत धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर बोलत फाटकातून आत आला. एका हाताने! मी पायरीवर उभा राहून हे पाहिले. माझ्या मनात शंकासुद्धा आली. पत्र्याचे वजन काढणे माझ्या हातचा मळ आहे. चौरस मीटरमधील क्षेत्रफळ गुणिले मिलिमीटरमधील जाडी गुणिले ७.८५, म्हणजे किलो. त्या बंपरला साधारण ०.९ चौरस मीटर पत्रा लागतो. तो ५ मिमीचा असेल तर नुसता पत्रा ३५ किलो भरतो, पाइप, ब्रॅकेट आणि हुक वेगळे. पन्नास किलोच्या घरातली वस्तू कोणी बगलेत मारून फोनवर बोलत चालत नाही. पण त्याच वेळी त्या तरुणाने पोते सोडले, काळ्या खरखरीत पावडर कोटिंगवर ऊन पडले, शेजारचे दोघे पाहायला आले आणि मी ती शंका गिळली. दुकानातला वजनकाटा दहा मिनिटांच्या अंतरावर होता. मी फक्त कड मोजली आणि कड ५ मिमीच भरली.

कड ५ मिमीची का भरली, ते पुढे कळले. त्याने सगळा बंपर २ मिमीच्या पत्र्यातून केला होता आणि जिथे व्हर्नियर लागू शकतो तिथे, म्हणजे कडेने, ५ मिमीची पट्टी जोडून, सांध्यावर पुट्टी भरून वर जाड कोटिंग मारले होते. ज्याने हे केले तो चांगला कारागीर आहे, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. जाडी बघायची असेल तर बंपरला बोल्टसाठी पाडलेल्या भोकात बघा, कडेला बघू नका, आणि कोटिंग करण्याआधी वस्तू उघडी पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

बसवतानाही गोष्टी खटकल्या होत्या. घेतलेल्या मापांचा पत्ताच नव्हता. ब्रॅकेटची भोके चासीच्या भोकांना जुळेनात, तेव्हा त्याने गॅसने ती वाढवली. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीची प्रत दाखवणारा ८.८ चा शिक्का नव्हता. मी विचारले, तर "काका, शिक्का कोटिंगमध्ये झाकलाय" असे उत्तर मिळाले, आणि तेही मी ऐकून घेतले. ओढण्याचा हुक चासीला बोल्टने न कसता बंपरच्या पत्र्यावर नुसता वेल्ड केला होता. या एका गोष्टीबद्दल मात्र मी स्वतःला माफ करू शकत नाही, कारण ती उघड दिसत होती आणि तिच्यामुळे एखाद्याचा जीव गेला असता.

जुलैमध्ये गगनबावड्याकडे मित्राच्या शेतावर जीप तांबड्या चिखलात पुढच्या ॲक्सलपर्यंत रुतली. मित्राचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला, आम्ही त्या हुकाला दोर लावला आणि त्याने क्लच सोडला. दोर ताणला गेला, फाडल्यासारखा आवाज झाला आणि हुक पत्र्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यासह सुटून ट्रॅक्टरकडे गेला. तो त्या मुलाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर मडगार्डवर आदळला आणि मडगार्डला खोलगट पोचा पडला. मुलगा २२ वर्षांचा आहे. मी चिखलात खाली बसलो, माझे पाय थरथरत होते. फाटलेल्या जागी पत्र्याची खरी जाडी दिसत होती, वहीच्या पुठ्ठ्याएवढी. दुसऱ्या दिवशी बंपर काट्यावर ठेवला. सगळे मिळून २१ किलो ४०० ग्रॅम. मिस्त्रींनी तो पाहिला, बोटाने वाजवला आणि एवढेच म्हणाले, "मालक, तुम्ही वजन न्हाई केलं?" मला त्यांच्याकडे पाहवले नाही. चासीची गॅसने वाढवलेली भोके भरून घेऊन नव्याने पाडायला आणखी ४,८०० रुपये लागले.

फोन बंद. महामार्गालगत जिथे त्याने एकदा मला शेड दाखवली होती, तिथे कुलूप. शेडच्या मालकाने सांगितले की तो दोन महिन्यांचे भाडे बुडवून गेला.

यानंतर जे सुरू झाले त्याने मूळ फसवणुकीपेक्षा जास्त मनस्ताप दिला. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितले, शेड आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितले, पैसे तुमच्या घरून गेले, म्हणजे गुन्हा तिकडचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी लागते, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितले, तर "आम्हाला कायदा शिकवू नका" असे ऐकावे लागले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, ही व्यवहारातली बाब आहे, दिवाणी दावा करा. खोटा माल खरा म्हणून विकणे, अस्तित्वात नसलेल्या विंचचे पैसे घेणे, याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूक म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात? चौथ्या खेपेला, तीन तास बाकावर बसवून, माझ्या अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मिळाला. गुन्हा अजून नोंदलेला नाही. बँकेच्या शाखेत सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला, आम्ही काही करू शकत नाही. पैसे गेल्याचे लगेच लक्षात आले तर १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांतच फोन करा. माझ्यासारखे तीन महिन्यांनी जागे होऊन उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त संताप एका कार्यालयातील अधिकाऱ्याने आणला. माझे म्हणणे निम्मे ऐकून त्यांनी मलाच मोटार वाहन कायद्याचे कलम १८२-अ दाखवले. गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे खरे आहे आणि मला माहीत होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून रस्त्यावरच्या गाड्यांवरील असे लोखंडी गार्ड काढायला लावले होते. त्यामागचे कारणही योग्य आहे, कारण समोरचा लोखंडी भाग पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो आणि नव्या गाड्यांमध्ये एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धडक नीट पोहोचू देत नाही. म्हणूनच रोजच्या वापराच्या गाडीला असला बंपर कोणी लावू नये, हे मी स्वतः सांगतो. पण माझी जीप टेम्पोतून जाते आणि शेतात उतरते. आणि समजा माझे चुकले असेल, तर मला दंड करा, मी भरतो. म्हणून माझे ६५,००० रुपये घेऊन पळालेल्या माणसाला मोकळे सोडायचे का? या भीतीने कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत, आणि ही भीती त्या माणसालाही पक्की ठाऊक आहे.

बिलाचे एक सांगायचे राहिले. त्याने पहिल्या दोन रकमांचे छापील बिल दिले होते, जीएसटी क्रमांकासह. ते मी घरी फाइलला लावले आणि पुन्हा पाहिले नाही. मी रोज बिले करतो, तरी पाहिले नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. त्या बिलावर २९ होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर तिकडच्या एका कापड व्यापाऱ्याचे नाव आले, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नसावा. दोन मिनिटांचे काम होते. पैसे देण्याआधी हा क्रमांक तपासा आणि नाव जुळले नाही तर माणसाला दारातूनच परत पाठवा.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कोणी फसले असेल तर निदान तेवढे करावे. माझी नोटीस "पत्त्यावर कोणी राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली.

मागच्या आठवड्यात पुतण्याने मला एक नवी जाहिरात दाखवली. नाव वेगळे, फोन क्रमांक वेगळा, मजकूर तोच. त्यातील दुसऱ्या फोटोत हिरवी जीप आहे, मागे तुळशीवृंदावन आणि निळा पाण्याचा पिंप दिसतो. ती जीप माझी आहे, ते अंगण माझे आहे, आणि बंपर बसवून झाल्यावर "काका, जरा बाजूला व्हा" म्हणत त्याने तो फोटो काढला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. तुम्हाला तो फोटो दाखवला गेला, तर त्यातला बंपर हुकाच्या जागी फाटलेल्या अवस्थेत माझ्या गोठ्यात पडलेला आहे. कोणाला येऊन वजन करून पाहायचे असेल तर मी काट्यासह दाखवीन.