फुटबॉल मॅनेजर 2024 : ट्रान्सफरचा सौदा कितपत खरा वाटतो?

फुटबॉल क्लबचा मॅनेजर होऊन खेळण्याचा हा गेम घ्यायचा की नाही ते मॅचच्या ग्राफिक्सवरून ठरवू नका. खेळाडूसाठी ऑफर देण्याची स्क्रीन उघडा. गेम बनवणाऱ्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने खरी मेहनत तिथे घेतली आहे.

समजा, समोरचा क्लब 2 कोटी युरो मागतोय आणि आपलं बजेट 1 कोटी 20 लाखांचं आहे. घासाघीस करत बसू नका. 80 लाख रोख, 90 लाख तीन वर्षांच्या हप्त्यांत आणि उरलेले 30 लाख लीगचे 50 सामने खेळल्यावर, अशी मांडणी करा. अडलेला सौदा बरेचदा इथेच सुटतो. ज्या ओळीवर हटायचं नाही तिला कुलूप लावा, नाहीतर काउंटर ऑफरमध्ये नेमकी तीच बदलून येते. असे चार-पाच सौदे एकाच उन्हाळ्यात केलेत, तर पुढच्या हंगामाचं बजेट हप्त्यांतच जातं.

खरी मेख पुढच्या विक्रीतल्या हिश्श्यात आहे, म्हणजे खेळाडू पुढे विकला की आधीच्या क्लबला द्यायच्या वाट्यात. 1 कोटीला घेतलेला खेळाडू 3 कोटींना विकला आणि विक्रीच्या 20 टक्के देणं असेल, तर 60 लाख गेले. तेच 20 टक्के नफ्यावर असतील तर 40 लाख. तोट्यात विकला तर दुसऱ्या प्रकारात दमडीही द्यावी लागत नाही. घेताना नफ्यावरचा हिस्सा द्या, विकताना पूर्ण रकमेवरचा मागा. हे गेमपुरतं नाही: 2023 च्या जानेवारीत चेल्सीने एन्झो फर्नांडेझसाठी बेनफिकाशी 12 कोटी 10 लाख युरोंचा सौदा हप्त्यांवर केला, तेव्हा 25 टक्के हक्क त्याच्या आधीच्या क्लबकडे, रिव्हर प्लेटकडे, होते.

कमी पडतो तो समोरच्या क्लबचा स्वभाव. त्यांचा राखीव खेळाडू मागा, अवाच्या सवा किंमत सांगतील. आपला तसाच खेळाडू विकायला काढा, कुणी ढुंकून बघत नाही. नको असलेले खेळाडू खपवायला या आवृत्तीत मध्यस्थ आले आहेत, पण त्यांची फी वजा जाता हातात काय उरतं ते आधी बघा. आणि आपल्या खेळाडूसाठी आलेली मोठ्या क्लबची ऑफर परस्पर धुडकावू नका. खेळाडू फुगून बसला की सौद्यातली आपली बाजू लंगडी पडते.

2025 ची आवृत्ती रद्दच झाली. जुना लॅपटॉप असेल तर कमी लीग लोड करा, डेडलाइन डेला, म्हणजे खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, तो रखडणार नाही.