‘शंका’ कुठल्या कोशात शोधावी? ऑनलाइन मोल्सवर्थ, सोलापूरकरांच्या नजरेतून

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) फुकट पाहता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही (१९३२ ते १९३८, सात विभाग) तिथेच आहे. दोन्ही उत्तम, पण कामं वेगळी.

सोलापुरात ‘शंका’ हा शब्द नीट कळण्याची गरज जास्त आहे. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. दोन्हींच्या रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, धूर दिसला म्हणजे आग असणार, असा. म्हणून ‘मला एक अनुमान आहे’ असं म्हणणाऱ्या मुलाला काही विचारायचंय, हे समोरच्याच्या लक्षातच येत नाही.

मोल्सवर्थची खरी ताकद इथे कळते. अनेक नामांपुढे तो त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदंही देतो, आणि शंकेचा रोख क्रियापदच ठरवतं. शंका विचारली तर ती जिज्ञासा. शंका काढली तर आक्षेपाचा वास येतो. एखाद्याच्या हेतूबद्दल शंका घेतली तर तो अविश्वास, आणि उत्तर पटलं की शंका फिटते. माणसावर मात्र संशय घेतात. ‘त्याच्यावर शंका आहे’ कानाला खटकतं. वाक्यरचनाही सांभाळावी लागते. ‘उद्या पाणी येईल की नाही, शंका आहे’ म्हणजे खात्री नाही. ‘उद्या पाणी येणार नाही अशी शंका आहे’ म्हणजे न येण्याचीच भीती जास्त. हा दुसरा फरक कुठलाही कोश शिकवत नाही, तो ऐकूनच येतो.

शोधताना मूळ रूप टाका. ‘शंकेला’, ‘शंकांचं’ असं टाकलं तर मुख्य शब्दांच्या शोधात काही हाती लागणार नाही. ‘शन्का’ असं टंकलं तरी तेच, अनुस्वारच द्या. नोंदीतलं लिंग आवर्जून पाहा: शंका आणि जिज्ञासा स्त्रीलिंगी, संशय पुल्लिंगी, कुतूहल नपुंसकलिंगी. ‘शंकाला’ ही सर्रास दिसणारी चूक तिथूनच टळते, कारण आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं. इंग्रजीतून मराठीकडे यायचं असेल तर नोंदींच्या पूर्ण मजकुरात शोधायची सोय वापरा, एका इंग्रजी शब्दाला अनेक मराठी पर्याय मिळतात.

उणीव मोठी आहे: अर्थ इंग्रजीत, तेही एकोणिसाव्या शतकातल्या, आणि संक्षेप भरपूर. आठवी-नववीच्या मुलाला एकट्याने झेपणार नाही. त्याच्यासाठी दाते-कर्वे बरा, अर्थ मराठीत आणि जुन्या वाङ्मयातले दाखलेही. ‘मला डाउट येतोय’, ‘डाउट क्लिअर करा’ ही आजच्या शिकवणीवर्गांची भाषा मात्र इतक्या जुन्या कोशांत शोधू नका.

शिक्षक, भाषांतरकार आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या पालकांनी मोल्सवर्थ मोबाइलवर खूण करून ठेवावा. मुलाला आधी दाते-कर्वे उघडून द्यावा.