तानपुरा डळमळू नये: माफक किमतीचा टर्नटेबल निवडताना

मालकंसाचा विलंबित ख्याल सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजतो, तेव्हा टर्नटेबलचा, म्हणजे तबकडी वाजवणाऱ्या यंत्राचा, खरा कस लागतो. गिटार-ड्रम्सच्या गदारोळात प्लॅटरची, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीची, गती किंचित कमी-जास्त झाली तर कळत नाही. लांबलेला षड्ज मात्र लगेच चुगली करतो, तो हिंदकळतो. म्हणून आपल्याकडच्या एलपी ऐकणाऱ्याने टर्नटेबल घेताना आधी तीन गोष्टी बघाव्यात: प्लॅटर ज्यावर फिरतो ते बेअरिंग, तो फिरवणारी मोटर आणि सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म. ब्लूटूथ, यूएसबी, दिवे हे सगळं नंतर.

स्वतंत्र छोट्या कंपन्यांचं मला जे आकर्षण आहे ते यामुळेच. त्यांच्याकडे पैसा बेताचा असतो आणि तो त्या या तीन गोष्टींतच घालतात.

इंग्लंडमधल्या रेगाचं उदाहरण घ्या. टोनी रेल्फ आणि रॉय गँडी यांनी 1973 मध्ये ही कंपनी काढली आणि दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून नाव तयार केलं. एसेक्समधल्या साउथएंडला त्यांचा कारखाना आहे. 1983 मध्ये त्यांनी आरबी 300 हा एकसंध ओतीव नळीचा टोनआर्म आणला. तो इतका चांगला निघाला की इतर टर्नटेबल बनवणारेही तो विकत घेऊन आपल्या यंत्रांवर बसवू लागले. त्या घराण्यातला सर्वांत स्वस्त टर्नटेबल म्हणजे प्लॅनर 1. आर्म आरबी 110, त्यावर कार्बन नावाचं कार्ट्रिज (सुई असलेली डबी) आधीच बसवलेलं, प्लॅटर 23 मिलिमीटर जाड फिनॉलिक रेझिनचा. खोक्यातून काढायचा, आर्मच्या मागचं वजन सरकवायचं, की एलपी लागली. आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून लागणारी अँटी-स्केटिंगची जुळणीही कारखान्यातच झालेली असते. ज्याला यंत्राशी खटपट नको, फक्त गाणं हवं, त्याला मी डोळे मिटून हाच सांगेन.

त्याच्या उणिवाही सांगतो. मिनिटाला 33 फेऱ्यांवरून 45 वर जायचं तर प्लॅटर उचलून तो फिरवणारा बेल्ट हाताने पुलीच्या दुसऱ्या खाचेत घालावा लागतो. जुन्या सिनेगीतांच्या छोट्या 45 च्या तबकड्या ज्यांच्याकडे खच्चून भरल्या आहेत, त्यांना आठवडाभरात याचा वैताग येईल. पायांची उंची कमी-जास्त होत नाही, तेव्हा पाणसळ लावून फळीच सपाट करून घ्यावी लागते. कार्ट्रिजची सुई गोल टोकाची आहे. तबकडीच्या आतल्या भागात खाचेतली वळणं दाटतात, तिथे ‘स’ आणि ‘श’ थोडे फुटतात. भावगीतं ऐकताना हे जास्त जाणवतं, कारण तिथे शब्द पुढे असतात.

दुसरा पर्याय प्रो-जेक्टचा डेब्यू कार्बन इव्हो. प्रो-जेक्टला आता छोटी म्हणवत नाही, पण गोष्ट तशीच सुरू झाली. सीडीने सगळा बाजार व्यापत आणलेला असताना, 1991 च्या सुमारास, हाइन्झ लिख्टेनएगर या ऑस्ट्रियन माणसाने चेक भूमीतल्या लिटोवेलचा टर्नटेबलचा जुना कारखाना हाताशी धरला. समाजवादी काळात टेस्ला या तिथल्याच कंपनीची (मोटारींची टेस्ला नव्हे) यंत्रं तिथे बनत. हातात कसब असलेले कामगार होते, काम उरलं नव्हतं. आजही ही यंत्रं तिथेच जोडली जातात.

इव्होला 8.6 इंची कार्बन फायबरचा आर्म, 1.7 किलोचा पोलादी प्लॅटर आणि उंची जुळवता येणारे पाय आहेत. 33 आणि 45 साठी बटण आहे. 78 साठी बेल्ट हलवावा लागतो, पण सोय आहे. ऑर्टोफोनचं 2एम रेड कार्ट्रिज ज्या आवृत्तीबरोबर मिळतं ती घेतलीत, तर पुढे नुसती सुई बदलून 2एम ब्लू करता येतं. ही सुई लंबवर्तुळाकार टोकाची, त्यामुळे आतल्या खाचांतले शब्द रेगाच्या कार्बनपेक्षा स्वच्छ येतात. जुळणीला मात्र एक दुपार द्यावी लागते. वजनकाट्यावर बघून सुईचा भार नेमका 1.8 ग्रॅम लावायचा, मग दोऱ्याला टांगलेलं अँटी-स्केटिंगचं इवलंसं वजन अडकवायचं. मला हे काम मनापासून आवडतं. तुम्हाला आवडणार नसेल तर प्लॅनर 1 कडे परत या.

परदेशातून यंत्र आणवणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो. बॉस्टनजवळच्या यू-टर्न ऑडियो या कंपनीचा ऑर्बिट हा टर्नटेबल अमेरिकेतल्या मराठी घरांत मी आवर्जून सुचवतो. तीन मित्रांनी 2012 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून तो सुरू केला, आणि साधेपणा हाच त्याचा गुण आहे. पण तिकडचा कुठलाही टर्नटेबल बॅगेतून इकडे आणण्याआधी मोटर कोणती आहे ते विचारा. सिंक्रोनस मोटरची गती विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे वारंवारतेवर, ठरते. तिकडे 60, आपल्याकडे 50. आमच्याकडे मामेभावाने न्यू जर्सीहून असाच एक टर्नटेबल आणला होता. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई आमच्या दिवाणखान्यात पांढरी चारमध्ये गाऊ लागल्या, आणि लयही तितकीच मंदावली. आईने पेटी काढून सूर लावून पाहिला तेव्हा खात्री पटली. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाही. इव्हो डीसी अडॅप्टरवर चालतो, त्याला हा प्रश्न नाही. प्लॅनर 1 ची मोटर सिंक्रोनस आहे, तेव्हा तो 50 हर्ट्झच्या देशातलाच घ्या.

आता आजोबांच्या लाखेच्या तबकड्या. घरात नाट्यसंगीताच्या 78 असतील, तर माझा कल बदलतो आणि मी एका मोठ्या कंपनीचं नाव घेतो: ऑडियो-टेक्निका एलपी 120. एलपीची गोल सुई साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येची, लाखेच्या तबकडीला ती साधारण 75 ची लागते. बारीक सुई तिथे खाचेच्या तळाशी घरंगळत जाते, खरखर तेवढी वाढते आणि सूर मागे पडतो. या यंत्राला 78 चं बटण आहे, आणि त्याच्या व्हीएम 95 कार्ट्रिजची 78 साठीची वेगळी सुई चिमटीत धरून बदलता येते. तेव्हा सुईचा भारही 5 ग्रॅमच्या आसपास न्यायचा. एलपीवर परतताना सुई आणि भार, दोन्ही आठवणीने बदला. आर्म आणि बेअरिंगचा शांतपणा मला रेगाइतका वाटत नाही, पण बालगंधर्वांची तबकडी वाजवायची असेल तर ज्या यंत्रावर ती नीट वाजते तेच चांगलं.

प्लॅनर 1 आणि इव्होमध्ये फोनो प्रीअॅम्प, म्हणजे कार्ट्रिजमधून येणारा क्षीण आवाज अॅम्प्लिफायरजोगा वाढवणारा भाग, नाही. घरच्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेली जोडी असेल तर काम भागलं, नसेल तर त्याचे पैसे आधीच धरून चाला. एलपी 120 मध्ये तो आतच आहे.

दुकानात जाताना स्वतःची एलपी घेऊन जा, सुरुवातीला तानपुरा मोकळा वाजतो अशी. पहिलं मिनिट नुसता तानपुरा ऐका, मग सुई उचलून शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा, आतल्या खाचांतले शब्द कसे येतात ते कळेल.