टेली-मानस १४४१६ : कॉलेजात शिकणाऱ्या माजी सैनिकांसाठी

पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनवर आलेले आणि पदवीसाठी पुन्हा वर्गात बसलेले जवान कोल्हापुरात अनेक आहेत. मीही त्यांतलाच एक असून केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा अनुभव त्यांच्यासाठीच लिहीत आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतून बोलता येते, आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी तिचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला.

माझी तक्रार झोपेची होती. मध्यरात्री जाग आली की मी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत असे, आणि सकाळी तासाला मागे कोणी बाक आपटला की सरांचे पुढचे एकही वाक्य डोक्यात शिरत नसे. फोनवरच्या समुपदेशक बाईंनी उपदेश केला नाही. झोप, जेवण, चिडचिड, दारू यांविषयी विचारून झाल्यावर, जीव नकोसा होतो का, हेही त्यांनी इतक्या सरळपणे विचारले की खरे उत्तर देताना संकोच वाटला नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटण्याचा सल्ला मिळाला, आणि तो योग्यच होता, कारण दीर्घ उपचार केवळ फोनवर होत नाहीत. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असणाऱ्यांना येथील पॉलिक्लिनिकमधून रेफरल (तज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी) घेता येते; अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणाऱ्या मुलांना ती सोय नसल्यामुळे त्यांनी कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा.

ताप आला की सिक रिपोर्ट करणारा, म्हणजे आजारी असल्याचे कळवून डॉक्टरांकडे जाणारा जवान मनाच्या दुखण्याबद्दल मात्र बोलत नाही, कारण ‘कॅटेगरी लागेल’, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खालावल्याची नोंद होईल, ही भीती पेन्शननंतरही सुटत नाही. वास्तविक आता कॅटेगरी लावणारे कोणी उरलेले नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीच्या सूचनांशेजारी १४४१६ हा क्रमांक लावावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओळखीचा एखादा माजी सैनिक तास बुडवू लागला, माणसे टाळू लागला, तर त्याला नुसता नंबर पाठवून थांबू नका. त्याच्या शेजारी बसा आणि तिथल्या तिथे फोन लावून द्या.