चिकन ब्रॉथ: खोका, डबा की पेस्टची बरणी?

अमेरिकेत राहता, घरात खाणारे दोघंच, तर ब्रॉथ, म्हणजे चिकन शिजवलेलं तयार पाणी, घेताना चवीच्या आधी एवढंच बघा: फोडल्यावर उरलेलं संपणार कधी? खोका असतो 32 औंसांचा, म्हणजे 946 मिलिलिटर. त्यातला अर्धा कप ग्रेव्हीत जातो आणि बाकीचा फ्रिजमध्ये मागे पडतो.

न फोडलेला खोका कपाटात महिनोन्‌महिने टिकतो. फोडल्यावर किती, याची उत्तरं दोन. खोक्यावर आठवडा-दोन आठवड्यांची मुदत छापलेली असते. अमेरिकी कृषी खातं सूप-ब्रॉथला 3 ते 4 दिवस देतं. मी खात्याचं ऐकते. वास चांगला येतोय म्हणून भागत नाही, आजारी पाडणारे जंतू वासावरून कळतीलच असं नाही. फ्रिजचं दार सतत उघडतं, म्हणून खोका दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवावा. त्याहून बरं म्हणजे उरलेलं त्याच दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. एका खड्यात साधारण दोन मोठे चमचे मावतात. खडे पिशवीत भरून तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत संपवा. वितळवत न बसता थेट कढईत टाकले तरी चालतात. खोका मात्र तसाच फ्रीझरमध्ये घालू नका, गोठताना फुगून फाटतो.

14.5 औंसांचा डबा म्हणजे पावणेदोन कप, एका वेळेच्या सूपाला पुरेसा. उरलंच तर काचेच्या बरणीत ओता.

पेस्टचं, म्हणजे पाण्यात मिसळून ब्रॉथ करायच्या घट्ट अर्काचं, गणित वेगळं. ‘बेटर दॅन बुयॉन’ या ब्रँडची 8 औंसांची बरणी घेतली तर कपभर गरम पाण्याला एक छोटा चमचा, म्हणजे जवळपास 38 कप ब्रॉथ. फोडल्यावर फ्रिजमध्ये कितीतरी महिने राहते. अर्धा कप लागला तर अर्धाच करायचा. दोघांच्या घरासाठी माझं मत हिलाच. पाण्यात विरघळवायच्या ब्रॉथच्या वड्या आणखी स्वस्त, पण त्यांत बहुधा सगळ्यात जास्त असतं ते मीठच.

मिठाचं निघालंच आहे, तर ‘रिड्यूस्ड सोडियम’वर भुलू नका. त्याचा अर्थ नेहमीच्या मालापेक्षा किमान 25 टक्के कमी, एवढाच. ‘लो सोडियम’ लिहायचं तर एका सर्व्हिंगमध्ये 140 मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. साध्या ब्रॉथच्या कपात 800 मिलिग्रॅमच्या पुढेही सोडियम सापडतं, आणि पुलावात दोन कप आटवले की ते सगळं भातातच उतरतं. तिथे पेस्ट नको. बिनमिठाचा खोका आणा, मीठ आपल्या हाताने घाला.

पांढऱ्या रश्श्याला मात्र यातलं काहीच नको. खोक्यातल्या ब्रॉथला बहुतेकदा गाजर-सेलरीची गोडसर चव असते, ती नारळाच्या दुधातून वर येते. त्यासाठी हाडांसकट चिकन आणून हळद, आलं-लसूण लावून शिजवा आणि ते पाणी वापरा.